माशाबरोबर कॅबरने

४ जानेवारी

लेकीनं ही वही दिली. म्हणाली, "बाबा, जेवढं बोलता त्यातलं निम्मं लिहून काढत जा, म्हणजे आईचे कान सुटतील." आईवर गेली आहे. मी म्हटलं, दे. नाहीतरी या गुरुवारपासून आमचा नवा उद्योग सुरू होतोय, त्याची टिपणं कुठेतरी हवीतच.

उद्योग असा. आमचं आठ टेबलांचं हॉटेल, वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. आत ही रांधते, बाहेर मी वाइन ओततो. आता दर गुरुवारी एकच द्राक्ष आणि एकच पदार्थ. येणाऱ्यानं आम्ही देऊ ते खायचं, ओतू ते प्यायचं आणि त्या द्राक्षाबद्दल मी सांगेन ते निमूट ऐकून घ्यायचं. कल्पना हिची. मी आधी नाही म्हटलं, कारण कल्पना हिची होती. मग दोन दिवसांनी ती मलाच सुचल्यासारखी सगळ्यांना सांगत सुटलो.

तिनं एक अट घातली. गुरुवारी रांधायचं मी. ती स्टुलावर बसून सांगणार.

"मला अंडं उकडता येत नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच," ती म्हणाली.

उंटावरून शेळ्या हाकायची हौस, दुसरं काय.

८ जानेवारी

काल पहिला गुरुवार पार पडला. सोविन्यों ब्लाँ. हे द्राक्ष म्हणजे तोंडाळ पोर. आंबट, हिरवं, कापलेल्या गवताच्या वासाचं. त्याला तसंच आंबटढोण काहीतरी लागतं. बकरीच्या दुधाचं चीज भाजून पालेभाजीच्या कोवळ्या पानांवर ठेवायचं, वर लिंबू. पहिली खेप मी जाळली. ही स्टुलावरून म्हणाली, "छान. आता कोळसा नको, चीज करा." दुसऱ्या खेपेला एक तुकडा तिनं खाल्ला आणि "वा" म्हणाली. हिच्या तोंडून 'वा' निघायला आमच्या लग्नानंतर बराच काळ जावा लागला होता, म्हणून इथे नोंद करून ठेवतो.

आमची पद्धतही लिहून ठेवावी, म्हणजे मी गेल्यावर लेकीला कळेल. नवा पदार्थ झाला की ही मला डोळे मिटायला लावते आणि चमचा तोंडात कोंबते. मी द्राक्ष सांगायचं. मग मी तिला एक ग्लास देतो, बाटली न दाखवता. ती वास घेते, एक घोट तोंडात फिरवते आणि त्याच्याबरोबर काय रांधावं ते सांगते. दोघांची उत्तरं जुळली तरच पदार्थ बाहेरच्या फळ्यावर जातो. लग्न जमवताना दोन्हीकडून होकार लागतो, तसंच. बाहेर लोक मला जाणकार म्हणतात. म्हणोत बापडे. खरी जीभ आत आहे, चुलीपाशी. ही कधी चुकली नाही. मी चुकलो की तिच्या भुवईवरून कळतं.

१५ जानेवारी

काल शार्दोने. लाकडी पिंपात मुरलेली, लोण्याच्या अंगाची, लठ्ठ आणि गोरीपान. तिच्याबरोबर भाजलेली कोंबडी. कातडीखाली बोट घालून लोणी कसं पसरायचं ते हिनं शिकवलं. स्वतः करून दाखवलं नाही, नुसतं सांगितलं. हिच्या तळहातांची सालं निघताहेत, लालबुंद झालेत. म्हणाली, भांड्यांच्या साबणानं. मी जाऊन रबरी हातमोजे आणले. घालत नाही. आमच्याकडे चांगलं सांगितलेलं ऐकायची पद्धत नाही.

कोंबडीलाही "वा" मिळालं. मला वाटतं मला हे जमतं. इतकी वर्षं उगीच हिला भाव दिला.

२६ जानेवारी

हिला तपासणीला जायचं होतं. दोन वर्षांमागे पोटातली गाठ काढली, तेव्हा डॉक्टरांनी सगळं साफ म्हणून सांगितलं, पण अधूनमधून बोलावतात. त्यांचंही पोट आहेच. मी हॉस्पिटलात जात नाही. तिथल्या औषधांच्या वासानं माझं नाक दोन दिवस कामातून जातं आणि नाक गेलं तर मी कशाचा? हिलाही ते पटलेलं आहे. हिची धाकटी बहीण घेऊन जाते. ही धाकटी म्हणजे चालतंबोलतं वर्तमानपत्र, एरवी दारातून आत यायच्या आधी चार बातम्या फेकते. आज आली ती गप्प. डोळे सुजलेले. दोघी परस्पर रडका सिनेमा बघून आल्या असणार.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"म्हणाले, नवऱ्याला कामाला लावा," ही म्हणाली.

ताकदीच्या गोळ्या दिल्यात. भल्यामोठ्या, घोड्याला द्याव्यात तशा. बरं झालं, फार वाळली आहे. जेवायला सांगितलं की म्हणते, रांधणाऱ्याचं पोट वासानंच भरतं.

३ फेब्रुवारी

आज एक विचित्र गोष्ट झाली. रीसलिंगचा ग्लास दिला. रीसलिंग म्हणजे आंबटगोड, फुलांचा वास, तिखटाची आग विझवावी तर तिनंच. लाल मिरची लावलेल्या कोळंबीला ती चालते हे आमच्याकडच्या मांजरालाही माहीत आहे. हिनं वास घेतला, घोट घेतला, जरा थांबली आणि म्हणाली, "मटण."

मी हसलो. ती हसली नाही.

मी दुसरी बाटली उघडली. "बघ नीट." तिनं परत घोट घेतला. माझ्या तोंडाकडे बघत होती. "मटणच. पण कोळंबीही चालेल की."

म्हणजे मालातच खोट आहे. मी चाखली तर मला ठीक लागली, पण हिच्या जिभेपुढे माझी काय मातब्बरी! काहीतरी तिला लागलंय जे मला लागत नाही.

५ फेब्रुवारी

शेठशी भांडलो. शेठ म्हणजे आम्हाला वाइन पुरवणारा. हॉटेल उघडलं त्या दिवसापासूनचा दोस्त. सगळी खोकी त्याच्या गोदामात नेऊन आपटली. "इतक्या वर्षांत हिची जीभ चुकलेली दाखव," म्हटलं. "चुकणार कोण मग? तुझा माल!"

तो आधी हसला, बाटली उघडून बघतो म्हणाला. मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं." मग जे तोंडाला येईल ते बोललो. फसवणूक, भेसळ, वगैरे. तिथले हमाल काम टाकून बघत राहिले. त्याचा चेहरा उतरला.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं, मोठ्या ऐटीत. मला वाटलं खूश होईल, नवऱ्यानं बाजू घेतली. ती म्हणाली, "अहो, काय केलंत हे?" आणि फोन घेऊन वर गेली. बहिणीला माझ्या कागाळ्या करत असणार.

१३ फेब्रुवारी

लेक परत आली आहे. याच्या आधीच्या आठवड्यातही आली होती. एरवी सहा सहा महिने तोंड दाखवत नाही, आणि आता दर शनिवारी बॅग घेऊन हजर. आज न्हाणीघरात नळ सोडून रडत होती. नळाचा आवाज मोठा होता म्हणून काय झालं, बापाला कळत नाही?

जावयाशी बिनसलंय, दुसरं काय! मी हिला म्हटलं, तू तिला विचार. ही म्हणाली, "तुम्ही त्यात पडू नका." मग मी पडलोच. जावयाला फोन लावला. म्हटलं, "माझ्या मुलीच्या डोळ्यात पाणी दिसलं तर गाठ माझ्याशी आहे." त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही स्वतःची काळजी घ्या." अपराधी माणूस असाच बोलतो.

१९ फेब्रुवारी

कालचा गुरुवार बोंबलला.

मासा होता. साधा, पांढरा, लिंबाच्या सालीबरोबर वाफवलेला. मी म्हटलं सोविन्यों ब्लाँ. ही उशिरा खाली आली तेव्हा ताटलीवर झाकण होतं; हिच्यापुढे मी तीन ग्लास ठेवले. हिनं एकेक घोट घेतला आणि लाल ग्लासवर बोट ठेवलं. "हाच."

कॅबरने सोविन्यों! काळी, करकरीत, कडक चहासारखी तुरट. तिला चरबीचं मटण लागतं, तेव्हा कुठे ती मवाळ होते. माशाबरोबर दिली तर तोंडात गंज उतरतो. हे नवशिक्यालाही कळतं. मी म्हटलं, "अगं, मासा आहे." ती क्षणभर गोंधळली, मग हट्टानं म्हणाली, "माहीत आहे. द्या तीच."

मी विचार केला. मोठे गवयी म्हातारपणी नियम मोडून गातात म्हणे. हिचंही तसंच झालं असेल. मला कळत नाही म्हणून ते चूक कसं? दिली.

कोपऱ्यातल्या टेबलावर एक निवृत्त मास्तर बसतात. त्यांनी घास गिळला आणि म्हणाले, "तोंडात नाणं धरल्यासारखं लागतंय हो." दुसऱ्या टेबलावरच्या बाईनं पाणी मागितलं. मी ताठ उभा राहून सांगितलं, "हे समजायला जीभ लागते. ज्यांना नाही त्यांनी चहा घ्यावा." मास्तर उठून गेले. मागून आणखी एक टेबल उठलं.

आत आलो तर ही पदरानं तोंड पुसत होती. "मास्तरांना असं बोलायचं नव्हतं," म्हणाली. मी म्हटलं, "तुझ्या जिभेवर कुणी शंका घेतली तर मी देवाचंही ऐकून घ्यायचा नाही." तेव्हा जी रडायला लागली ती थांबेचना. बायकांचं काही समजत नाही. बाजू घेतली तरी रडतात.

२ मार्च

हिच्या हातातून तवा पडला. बोटं झोपतात म्हणते. मी चिडलो, "लक्ष कुठे असतं तुझं?" ती म्हणाली, "तुमच्यात." थट्टा सुचते आहे म्हणजे तब्येत ठीक आहे.

आता गुरुवारच नाही, रोजचंही अर्धं मीच रांधतो. रस्सा कसा आटवायचा, सुरी कशी परजायची, कांदा कुठवर परतायचा, सगळं घोटून घेते माझ्याकडून. आज मीठ किती घालू विचारलं तर म्हणाली, "चाखा आणि ठरवा. मला विचारायचं नाही." मास्तरीणबाई झाली आहे नुसती.

९ मार्च

लिहिणार नव्हतो.

आमच्या समोरच्या काचेत वाइनचा एक ग्लास कायम भरून ठेवलेला असतो, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा म्हणून. खरी वाइन ठेवली तर चिलटं बसतात, म्हणून मी त्यात बिटाचं पाणी ठेवतो. रंग हुबेहूब. आज दुपारी ग्लास भरून ओट्यावर ठेवला आणि काच पुसायला फडकं शोधत होतो. ही जिन्यावरून खाली आली. तिला वाटलं, मी तिच्यासाठी ठेवलाय.

तिनं ग्लास उचलला. फिरवला. नाकाशी नेला, डोळे मिटले, जसं इतकी वर्षं करते तसंच. घोट तोंडात घोळवून गिळला.

"मर्लो ना?" म्हणाली. "मऊ आहे. टोमॅटो घातलेल्या कोंबडीला द्या."

मी फडकं हातात धरून उभा. तिनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मग ग्लासकडे. मग खिडकीकडे, जिथे ग्लास नव्हता.

११ मार्च

लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

डिसेंबरपासून तिला काहीही लागत नाही. ना वास, ना चव. त्या गोळ्या ताकदीच्या नाहीत. गाठ परत आली आहे, यकृतात, आणि आता कापून काढण्यासारखी नाही. हाताची सालं त्या गोळ्यांनी निघतात, माझ्या नकळत त्या नोव्हेंबरपासूनच चालू आहेत. धाकटीला माहीत आहे. लेकीला माहीत आहे. जावयाला माहीत आहे, आणि त्याला मी फोनवर दम भरला.

"म्हणजे गुरुवार सुरू केलेस तेव्हाही..."

"म्हणून तर सुरू केले. तुम्हाला अंडं उकडता येत नव्हतं."

 तिच्याच स्टुलावर बसलो. ती उभी.

"आणि माझ्या हातचं खाऊन 'वा' म्हणायचीस ते?"

"कातडी कुरकुरीत वाजायची ना कोंबडीची. रंग चांगला असायचा." मग म्हणाली, "आणि तुमचं तोंड बघण्यासारखं व्हायचं."

मी ओरडलो. हो, ओरडलो. म्हटलं, मला सोडून साऱ्या जगाला ठाऊक, मी कोण? ज्याच्या त्याच्याशी भांडत सुटलो तुझ्या जिभेपायी, तू बघत राहिलीस? आधी का नाही सांगितलंस?

ती म्हणाली, "सांगणारच होते. पण बाकी सगळे माझ्याशी हळू बोलायला लागले हो. धाकटी तर काचेचं भांडं उचलावं तशी हात धरते. लेक बघते आणि तिचे डोळे भरतात. तुम्ही तेवढे ओरडत होतात. तवा पडला तर चिडत होतात. तुमच्याजवळ आले की मला वाटायचं, मला काही झालेलं नाही. तेवढी एक जागा राहू दे म्हटलं."

मग तिनं माझा हात धरला, त्या सोललेल्या तळव्यांत, आणि म्हणाली, "आता तुम्हाला कळलं. पण कळलंय असं कुणाला कळू देऊ नका. मला तर मुळीच नाही. होतात तसेच राहा. भांडा माझ्याशी."

मी म्हटलं, नाही जमायचं. ती म्हणाली, अंडं तरी कुठे जमत होतं.

१४ मार्च

जमत नाही. आज सकाळी ठरवून भांडायला गेलो. म्हटलं, "मिठाची बरणी नेहमी उघडी टाकतेस, काय हे?" माझाच आवाज मला ओळखू येईना.

ती म्हणाली, "वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्यासारखं काय भांडताय?"

वर जाऊन उशीत तोंड खुपसून रडलो. खाली येऊन परत भांडलो. थोडं बरं झालं.

१८ मार्च

शेठकडे गेलो.  त्यानं खुर्ची पुढे केली. मी हात जोडले, तर म्हणाला, "असू दे. वहिनींचा फोन आला होता त्याच दुपारी. म्हणाल्या, मनावर घेऊ नका, ओरडून घेऊ द्या त्यांना." माझी खोकी त्यानं एका बाजूला तशीच ठेवली होती. कुणाला विकली नव्हती. मी विचारलं, "सगळं सांगितलं तिनं?" तो म्हणाला, "हो. आणि म्हणाल्या, नंतर ह्यांच्याकडे येत जा."

नंतर. हा एक शब्द तिनं माझ्या माघारी कुणाकुणाला वाटून ठेवलाय कोण जाणे.

मास्तरांच्याही घरी गेलो. त्यांना कारण सांगता येईना. नुसतं म्हटलं, "मासा आणि कॅबरने, चूक माझीच." त्यांनी आत बोलावलं. मी बसलो नाही.

६ एप्रिल

हॉस्पिटलात होती, आज आणली. तिथे मी सगळा वेळ बसून होतो. नाक गेलं चुलीत. धाकटी म्हणाली, "भाऊजी, या खेपेला कशी काय सवड झाली?" मी म्हटलं, "हिला घरी लवकर आणायची आहे, गिऱ्हाइकं खोळंबलीत." तिनं माझ्याकडे असं बघितलं की दुसरा असता तर जळून गेला असता. पलंगावर ही ओठ दाबून हसत होती.

स्वयंपाकघरामागच्या खोलीत पलंग टाकलाय. तिथून तिला सगळे आवाज येतात. रस्सा जास्त उकळला की ती भिंतीवर टकटक करते.

१७ एप्रिल

पिनो न्वार. पातळ कातडीचं, रुसकं द्राक्ष. जरा ऊन वाढलं की बिघडलं, जरा दमट झालं की बिघडलं. पण सरळ चाललं तर त्याच्यासारखं दुसरं नाही. त्याच्याबरोबर लोण्यावर परतलेली अळंबी. एक वाटी हिच्याकडे नेली. ती आता घास घेत नाही, पण बघायचं असतं तिला.

"कसं लागतंय ते सांगा."

मी सुरू केलं. "लाल फळांचा गंध, मागाहून ओल्या मातीची..."

"गिऱ्हाइकांचं भाषण नको. मला सांगा."

आयुष्यभर लोकांना हेच सांगून पोट भरलं, आणि बायकोला एक घास सांगता येईना. बराच वेळ खाल्लं, प्यालो, विचार केला. शेवटी म्हटलं, "आपण हे हॉटेल घ्यायच्या आधी बघायला आलो होतो ना, तळघराचं दार उघडलं होतं, तसा वास आहे. आणि तू घाबरून माझी बाही धरली होतीस."

"मी नाही, तुम्ही धरली होती," ती म्हणाली. यावर भांडण झालं. खरंखुरं झालं, ठरवावं लागलं नाही. ती दमली तरी सोडेना. मी आत्ताही सांगतो, बाही तिनंच धरली होती.

५ मे

रोज एक घास सांगतो. मर्लो आणि भाजलेला टोमॅटो. शिराझ आणि मिरी लावलेलं मटण, शिराझच्या स्वतःच्याच अंगात मिरी असते. ती डोळे मिटून ऐकते. कधी म्हणते, "मीठ कमी पडलं तुमचं." कशावरून? म्हणते, "सांगताना अडखळलात त्यावरून." परत जाऊन चाखलं, खरंच कमी होतं.

मला तिला काही विचारायचं आहे. दुखतं का, भीती वाटते का. विचारायचं नाही असं ठरलंय. मी तिला विचारतो, किसणी कुठे ठेवलीस?

१९ मे

आज डॉक्टर घरी येऊन गेले. बाहेर जाऊन धाकटीशी बोलले. मला बोलावलं नाही, मीही गेलो नाही.

संध्याकाळी खोलीत सगळे होते. लेक उशाशी, जावई दाराशी, धाकटी पाय चोळत.  हिचे डोळे मिटलेले. मला वाटलं झोपली. तेवढ्यात ओठ हलले. मी वाकलो.

"आज काय केलंत?"

"मासा."

बराच वेळ श्वास गोळा करत राहिली. मग म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल इतपत, "कॅबरने द्या."

एक डोळा किंचित उघडला. वाट बघत होती.

 कुठून आवाज काढला कोण जाणे, पण काढला. खोली हादरेल असा ओरडलो. "अक्कल आहे का तुला? माशाबरोबर कॅबरने? इतकी वर्षं चुलीपाशी काढली ती काय माशा मारत? माझं हॉटेल बुडवायला निघालीस का?"

"बाबा!" लेक किंचाळली. "आता तरी! आता तरी गप्प बसा!"

धाकटीनं मला दंडाला धरून बाहेर काढलं. जाता जाता मागे बघितलं. ही हसत होती. तोंड हलवायची ताकद नव्हती, पण हसत होती. ते माझ्याशिवाय कुणी बघितलं नाही, कारण सगळे माझ्याकडेच बघत होते.

२३ मे

परवा पहाटे गेली.

३० मे

माणसं येतात, बसतात. आज धाकटी पुढच्या खोलीत कुणाला तरी सांगत होती, "शेवटच्या दिवसांतसुद्धा ओरडले हो तिच्यावर. ताईनं काय काय सोसलं असेल." मी आत ओट्यापाशी होतो. सगळं ऐकू येतं तिथे. मी भांडी घासत राहिलो.

लेक इतके दिवस माझ्याशी बोलली नव्हती. पाणी हवं का, एवढंच. दुपारी तिनं बॅग भरली, जावई गाडी आणायला गेला. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, एक विचारू? तुम्हाला कधी कळलं?"

अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. म्हणावंसं वाटत होतं, बाळा, मार्चमध्येच कळलं, तुझ्या आईनं माझ्याकडून वचन घेतलं, मी त्या रोज सकाळच्या भांडणासाठी आधी जिन्यात उभा राहून धीर गोळा करत होतो. सांगितलं असतं तर पोरगी गळ्यात पडली असती. पण कुणाला कळू देऊ नका, असं म्हणाली होती ती. मी गेल्यावर सांगा, असं म्हणाली नव्हती.

"शेवटी शेवटी," मी म्हटलं. "ते डॉक्टर घरी येऊन गेले ना, त्या रात्री."

ती म्हणाली, "आई म्हणायची, बाबांना कळलं नाही तोवर मी बरीच आहे. मी तिच्यावर चिडायचे. म्हणजे तिला शेवटपर्यंत..."  आत आली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली. "मला वाटत होतं तुम्ही निष्ठुर आहात. तुम्ही नुसते बावळट आहात, बाबा."

"असेन," मी म्हटलं.

तिची बॅग गाडीत ठेवली. जावयानं वाकून नमस्कार केला, मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. फोनबद्दल त्याची माफी मागायची राहून गेली.

गाडी वळली आणि मी आत आलो. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. मिठाची बरणी उघडी होती, मीच ठेवलेली. मी मोठ्यांदा ओरडून विचारलं, ही बरणी परत कुणी उघडी टाकली? थोडा वेळ थांबलो. उलट उत्तर आलं नाही.